पाठीवरची गाठ आणि मागचा बाक



मी शिक्षक आहे, डॉक्टर नव्हे. तरीही आजारावर बोलतो आहे, याला कारण माझीच एक चूक. माझ्या वर्गातील एका मुलाचे पाय अशक्त होते व अंगाला लघवीचा वास येई. मी त्याला मागच्या बाकावर बसविले. थोड्याच दिवसांत तो यायचा बंद झाला. घरी गेलो तेव्हा कळले की, जन्मतःच त्याच्या पाठीवर गाठ होती. ग्रहणात सुरी हाती धरली म्हणून असे झाले, हा बोल त्याची अम्मी आजवर ऐकत होती.

या व्यंगास 'स्पायना बायफिडा', म्हणजे दुभंगलेला कणा, म्हणतात. गर्भधारणेनंतर सुमारे 28 दिवसांत मज्जारज्जूची नळी मिटावी लागते; ती कुठे तरी उघडी राहते. त्या वेळी पुष्कळदा दिवस गेल्याचे आईलाही ठाऊक नसते. मग सुरीचा दोष तो कुठला? फॉलिक आम्लाची कमतरता हे एक कारण आहे. म्हणूनच दररोज 400 मायक्रोग्रॅमची गोळी दिवस जाण्यापूर्वीच सुरू करावी. पहिले मूल असे असेल तर मात्रा बरीच मोठी लागते. ती डॉक्टरांनीच ठरवावी. अशा मातांमध्ये धोका 72 टक्क्यांनी घटल्याचे 1991 साली ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन मंडळाने दाखविले.

बाळाच्या गाठीवर हळद, राख, झाडपाला काही लावू नका. सलाईनमध्ये भिजविलेल्या निर्जंतुक कापडाने ती झाका, बाळाला पालथे ठेवा व तातडीने रुग्णालय गाठा. उघडी गाठ शक्यतो दोन-तीन दिवसांत शस्त्रक्रियेने बंद करतात. डोक्यात पाणी साचल्यास बारीक नळी बसवून ते पोटात उतरवितात. पायांतील गेलेली शक्ती याने परत येत नाही, हे खरे. पण जंतुसंसर्ग टळतो, जीव वाचतो. लघवीसाठी ठरावीक वेळी स्वच्छ नळी घालून मूत्राशय रिकामे करावयाचे असते. मोठी मुले हे स्वतः शिकतात. कपडे कोरडे राहतात आणि मूत्रपिंडेही जपली जातात. त्या मुलाला हे कोणी शिकविलेच नव्हते! शिकल्यावर तो शाळेत परतला.

2013 साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या व्यंगाचा समावेश आहे. पथक शाळेत, अंगणवाडीत येते. त्या दिवशी मूल घरी लपवू नका. यवतमाळला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, तेथे विचारा.

मुलींनो, शाळेत आठवड्याला मिळणाऱ्या निळ्या गोळीत लोहाबरोबर फॉलिक आम्लही असते. लग्नानंतरची रोजची गोळी वेगळी, पण हीही कामाची आहे. गेल्या सोमवारी शाळेमागच्या नालीत मला अशा अकरा गोळ्या सापडल्या.