राणीपासून बाईपर्यंत



थोर घराण्यांतील स्त्रियांना लोक कोणत्या शब्दांनी संबोधीत आले, हा आजचा विषय. वरकरणी तो शब्दांच्या हौसेचा वाटेल. आम्हांलाही आरंभी तसेच वाटले होते. पण एकेक शब्द पारखून पाहू लागलो, तेव्हा ध्यानात आले की, बहुतेक पदव्यांच्या पोटात एकच प्रश्न दडलेला आहे : ही कोणाची कोण?

‘महिषी’ हा शब्द घ्या. संस्कृतात महिषी म्हणजे राजाची मुख्य राणी, आणि महिषी म्हणजे म्हैसही! मूळ अर्थ थोर, बलवान असा. आमच्या मराठीने यातली गोठ्यातली तेवढी ठेवून घेतली आणि राजवाड्यातली सोडून दिली. ‘राज्ञी’ मात्र ‘राणी’ होऊन आपल्या घरात नांदली. पण राज्ञी म्हणजे तरी काय? राजाचेच स्त्रीरूप.

आता आपल्याच मुलखातील लेख पाहू. नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन घराण्यातल्या प्रतिमा होत्या. प्रतिमा गेल्या, वरची नावे उरली. तेथे राणी नायनिकेच्या नावामागे ‘देवी’ हा शब्द आहे. नाशिकच्या लेण्यातील लेखात गौतमी बलश्री स्वतःला महादेवी म्हणवते, आणि लगेच महाराजाची माता व महाराजाची आजी असेही सांगते. वाकाटकांची प्रभावतीगुप्ता पतिनिधनानंतर राज्य चालवीत होती. तरी तिच्या पुणे ताम्रपटात ती रुद्रसेनाची अग्रमहिषी आणि युवराज दिवाकरसेनाची जननी आहे. एक गोष्ट मात्र तिने आपल्या मनाची केली. ताम्रपटाच्या आरंभी वंशावळ दिली ती सासरची नव्हे, माहेरच्या गुप्तांची!

पुढे मुसलमानी अंमलात नवे शब्द आले. बेगची बेगम झाली, खानाची खानम झाली. रीत तीच राहिली. पण त्याच वाटेने ‘बीबी’ हा फारसी शब्दही आला. त्याचा अर्थ नुसता कुलीन स्त्री. 1595-96 मध्ये मोगलांच्या वेढ्यात अहमदनगरचा किल्ला लढवणारी चांद सुलताना निजामशहाची लेक आणि आदिलशहाची विधवा होती. लोकांनी तिला चांदबीबी म्हटले, आणि तेच नाव राहिले.

मराठेशाहीत ‘साहेब’ हा अरबी शब्द आम्ही घेतला, तो स्त्रीलाही जसाच्या तसा लावला. आईसाहेब, मासाहेब, बाईसाहेब! पुरुषाचा मान, रूपही न बदलता, स्त्रीच्या नावापुढे जाऊन बसला. आणि ‘बाई’ तर सर्वांत मोठी. अहिल्याबाईंचे पती खंडेराव 1754 मध्ये कुंभेरच्या वेढ्यात पडले. 1767 पासून 1795 पर्यंत होळकरांचा कारभार बाईंनी पाहिला. लोक त्यांना पुण्यश्लोक म्हणतात. या शब्दात ना पती आहे, ना पुत्र. आहे ती केवळ त्यांची करणी. तीच गोष्ट लक्ष्मीबाईंची. गंगाधरराव 1853 मध्ये वारले. आज ‘गंगाधररावांची राणी’ असे कोणी म्हणत नाही. म्हणतात ‘झाशीची राणी’. विष्णुभट गोडशांच्या ‘माझा प्रवासा’त तर त्या बाईसाहेबच आहेत. हाच ‘बाई’ शब्द आज शाळेतल्या शिक्षिकेला लागतो आणि घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशीलाही. कोणी म्हणेल, शब्दाचे अवमूल्यन झाले. आम्ही म्हणू, मान वाटला गेला.

कोणी विचारील, राजे गेले, आता या चर्चेचे प्रयोजन काय? खरे आहे. 1950 च्या राज्यघटनेने सरकारी किताब बंद केले. 1971 च्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता आणि तनखेही गेले. पण एक पदवी आपण घरोघर जपली आहे. लग्नाची निमंत्रणपत्रिका उघडून पाहा. नवरा हयात असेल तर ‘सौ.’, नसेल तर ‘गं. भा.’! ‘श्रीमती’ हा शब्द खरा ‘श्रीमान’चा जोडीदार, त्यात वैधव्याचे नावही नाही. पण आपण तोही पुष्कळ दिवस विधवेच्याच वाट्याला टाकला. आणि पुरुष? पत्नी वारली म्हणून कोणाचा ‘श्री.’ बदललेला आम्ही तरी पाहिलेला नाही. ज्या दिवशी बाईवर आभाळ कोसळते, त्याच दिवशी तिच्या नावामागची अक्षरेही आपण काढून घेतो. राजदरबारानेही याहून कठोर काय केले असते?

ऋग्वेदातील विवाहसूक्त नववधूला सासरी ‘सम्राज्ञी’ हो, असा आशीर्वाद देते. एवढा मोठा शब्द आपण तिला एकदा देऊन चुकलो आहोत. तेव्हा आमचे मागणे लहानच आहे. पुढची पत्रिका छापायला द्याल तेव्हा घरातल्या सगळ्या स्त्रियांच्या नावामागे एकच शब्द लिहा. ‘श्रीमती’ लिहा, नाही तर नुसते नाव लिहा. जिचे नाव छापायचे, तिला आधी विचारा, एवढे मात्र विसरू नका.