हसवणारी सासू

वडसा-ब्रह्मपुरीकडे धान निघालं, की नाटकांचे मंडप लागतात. या झाडीपट्टीतल्या रात्रभर जागणाऱ्या प्रेक्षकाला हसवणं किती कठीण, हे तुम्ही जाणताच. म्हणून आज बोलू या हसवणाऱ्या एका अभिनेत्रीबद्दल, रीमा लागूंबद्दल. हिंदी सिनेमानं त्यांना आई करून टाकलं. पण त्यांची खरी ताकद विनोदात होती, असं मला वाटतं. 1994 साली ‘तू तू मैं मैं’ ही मालिका आली. रीमाताई सासू. सुप्रिया पिळगावकर सून. दिग्दर्शक सचिन.

कुणी म्हणेल, सासू-सुनेचं भांडण तर जुनंच! खरंय. साचा जुनाच होता. पण ही सासू हसवायला निघालेली वाटतच नाही. ती मनापासून भांडते… म्हणून आपण हसतो. शब्दाआधीचा क्षणभराचा विराम, तिरपी नजर, हे रंगभूमीचं देणं. त्यांच्या आई मंदाकिनी भडभडे नाटकातल्याच. रीमाताईही मराठी रंगभूमीवरच घडल्या. पुन्हा सांगतो, त्यांची ताकद विनोदात होती. ‘श्रीमान श्रीमती’ मालिकेतली त्यांची साधी कोकिळा आठवा. शेजारी तिच्यावर भाळलेला, आणि तिचा चेहरा मात्र निरागस! 2017च्या मे महिन्यात त्या गेल्या. तेव्हाही ‘नामकरण’ या मालिकेत त्यांचं काम सुरूच होतं.