पकडल्याची नोंद



१९७१ च्या युद्धातल्या एका दिवसापासून सुरुवात करतो, १० डिसेंबर. त्या दिवशी कच्छच्या जखाऊ किनाऱ्यासमोर आपल्या नौदलाचं आलिझे विमान पाणबुडीच्या शोधात होतं. पाकिस्तानी स्टारफायटरने ते पाडलं. लेफ्टनंट कमांडर अशोक रॉय आणि त्यांचे दोन सहकारी पुढे कुणालाच दिसले नाहीत. त्याच दिवशी पश्चिम पाकिस्तानात फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकरांचं सुखोई पडलं. हा आपला मराठी वैमानिक जमिनीवर उतरला, जिवंत पकडला गेला आणि युद्धकैदी म्हणून रावळपिंडीच्या छावणीत पोहोचला.

परुळकरांनी युद्धाआधीच आपल्या कमांडिंग ऑफिसरला सांगून ठेवलं होतं, की पकडलो गेलो तर पळून येणार. युद्ध संपलं, सिमला करार झाला, तरी सुटकेची तारीख कुणी सांगेना. मग परुळकर आणि त्यांचे सहकैदी ग्रेवाल व हरीश सिंहजी हे तिघे कोठडीची भिंत पोखरू लागले. वीट सैल करायची आणि पहारेकरी यायच्या आत खाटेखाली सारायची, असं रात्रीमागून रात्र चाललं. बाहेरचा गिलावा तेवढा शेवटपर्यंत शाबूत ठेवला. तयारी बघा कशी होती. विमानात घालायच्या जी-सूटमधली रबरी पिशवी पाण्यासाठी काढून घेतली. सुई चुंबकित करून होकायंत्र केलं. जिनिव्हा करारामुळे कैद्याला भत्ता मिळतो, तो वाटखर्चासाठी साठवला. १९७२ च्या १२ ऑगस्टच्या रात्री वादळी पाऊस लागला आणि मध्यरात्र उलटल्यावर तिघे त्या भोकातून बाहेर पडले.

बसने पेशावर, तिथून टांगा, पुन्हा बस, काही चालत, असं करत ते खैबर खिंडीत लंडी कोतलला पोहोचले. अफगाण सरहद्द फक्त चार मैलांवर होती. घात नकाशाने केला. त्यात पुढचं स्टेशन लंडी खाना दाखवलं होतं आणि हे वाट विचारत होते त्या लंडी खान्याची. तिथली रेल्वे १९३२ सालीच बंद पडलेली! चाळीस वर्षं जिथे गाडी गेली नाही तिथला रस्ता विचारणारा इथला नव्हे, हे चहाच्या टपरीवरच्या माणसांनी ओळखलं. त्या काळात पाकिस्तानात अडकलेले बंगाली लोक अफगाणिस्तानात निसटत होते, तेव्हा हे तिघे बंगालीच असणार असा संशय आला आणि ते पकडले गेले. आपल्या कडावच्या माणसांना हे समजायला जड जाऊ नये. इंग्रजांविरुद्ध लढलेल्या भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याला रान पायाखालचं होतं, वाड्या-पाड्यांवरची माणसं आपली होती. या तिघांकडे होता तो जुना नकाशा.

खरा धोका पकडल्यानंतर होता. मी तुम्हाला मुख्यतः हेच सांगायला आलो आहे. टोळ्यांचा मुलूख, तिघेही खोट्या नावाने वावरणारे. गोळी घालून पुरलं असतं तर परुळकर नावाचा कैदी तिथे मेला हे कुणाला कळणार होतं? परुळकरांना नेमकं तेव्हा सुचलं, की पाकिस्तानी हवाई दलप्रमुखांच्या एडीसीला फोन लावायला सांगावा. तो एडीसी म्हणजे उस्मान हमीद, रावळपिंडीच्या छावणीचा आधीचा प्रमुख. तो परुळकरांना ओळखत होता. फोन लागला आणि तिघे पुन्हा नोंदीतले कैदी झाले. १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार पळण्याच्या फसलेल्या प्रयत्नाला फक्त शिस्तभंगाची शिक्षा देता येते, तीही जास्तीत जास्त ३० दिवस. तो कायदा आता त्यांच्या पाठीशी उभा राहू शकला. १ डिसेंबर १९७२ ला ते वाघा ओलांडून घरी आले. परुळकर ग्रुप कॅप्टन होऊन निवृत्त झाले आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये वारले.

त्यांच्या धाडसावर चित्रपट निघाला, पुस्तक आलं आणि ते योग्यच झालं. पण त्याच जिनिव्हा करारात आणखी एक कलम आहे. पकडल्यावर लगेच, किंवा छावणीत पोहोचल्यापासून आठवड्याच्या आत, कैद्याला घरी आणि जिनिव्हाच्या केंद्रीय संस्थेकडे कार्ड लिहू द्यायचं. मला भिंतीच्या भोकापेक्षा हे साधं कार्ड मोलाचं वाटतं, कारण ते नसलं तर काय होतं याचं उदाहरणही आपल्याच माणसांत आहे.

फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे १९७१ च्या ५ डिसेंबरला शोरकोट रोडच्या हवाई तळावरच्या हल्ल्यात पडले. लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालेलं. पत्नी दमयंती तांबे राष्ट्रीय बॅडमिंटन विजेत्या, अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. त्याच महिन्यात एका पाकिस्तानी वृत्तपत्रात पकडलेल्या भारतीय वैमानिकांची बातमी आली आणि त्यात तांबे यांच्याशी जुळणारं नाव छापलेलं होतं. पाकिस्तानने दिलेल्या युद्धकैद्यांच्या यादीत मात्र ते कधीच आलं नाही. अशोक रॉय आणि विजय तांबे, दोघेही आपल्या ५४ बेपत्ता सैनिकांच्या यादीत आहेत. रॉय समुद्रावर पडले, तिथे साक्षीला कुणी नव्हतं. तांबे यांच्या बाबतीत छापील अक्षरं आहेत, आणि त्या अक्षरांचा खुलासा आजवर झालेला नाही.

२००७ मध्ये बेपत्ता सैनिकांचे नातेवाईक पाकिस्तानातल्या तुरुंगांत जाऊन आले. दमयंतीबाई त्यांच्यात होत्या. पण नुसती तुरुंगभेट पुरत नाही. इतक्या वर्षांपूर्वी हरवलेल्या माणसाचा माग काढायचा तर युद्धाच्या त्या काळातली कैद्यांची दफ्तरं उघडायला हवीत, आणि ही मागणी दोन्ही देशांच्या सरकारांकडे आजही करता येते.