सागरी रस्त्याने, पण दुसऱ्याच्या गाडीतून



मुंबई-गोवा महामार्गाने सगळं कोकण ओलांडून गोव्यात उतरलेल्या माणसाला एकदा विचारून बघा, वाटेत समुद्र कुठे दिसला? तो बराच वेळ आठवत बसेल आणि त्याला काही आठवणार नाही. पेण, माणगाव, महाड, खेड, चिपळूण, संगमेश्वर, लांजा, राजापूर, कणकवली, कुडाळ ही सगळी गावं समुद्रापासून आत आहेत. १९९८ साली पूर्ण झालेली कोकण रेल्वेसुद्धा आतूनच गेली. कारण साधं आहे. सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्या मुखाशी रुंद होतात, त्यांच्या खाड्या होतात. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, वाघोटन, कर्ली, प्रत्येकीची तीच तऱ्हा. आत जावं तसं पात्र अरुंद होतं आणि पूल स्वस्तात होतो. म्हणून रस्ता आत गेला आणि किनारा बाजूला राहिला.

पूर्वी तसं नव्हतं. तेव्हा समुद्र हाच रस्ता होता. मुंबईहून निघालेली बोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण अशी बंदरं घेत वेंगुर्ल्यापर्यंत जायची. बोटी बंद पडल्या आणि ही नांदती बंदरं महामार्गावरून फुटणाऱ्या फाट्यांच्या शेवटी जाऊन बसली. हर्णैला जायचं तर खेडहून दापोली आणि दापोलीहून खाली. मालवणला जायचं तर कसालहून खाली. त्यांच्या या अडगळीत पडण्यामुळेच ती अजून बघण्यासारखी राहिली आहेत, असं माझं मत आहे. रत्नागिरीकरांना ते आवडणार नाही, पण असू दे.

या बंदरांना एका दोऱ्यात ओवणारा एक रस्ता आहे. रायगड जिल्ह्यातल्या रेवसपासून गोव्याच्या हद्दीवरच्या रेडीपर्यंत जाणारा सागरी मार्ग. माजी मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुल्यांचं नाव त्याच्याशी कायमचं जोडलेलं आहे. नकाशात तो सलग दिसतो. प्रत्यक्षात तो खाडीशी येऊन थांबतो आणि पलीकडच्या काठावर पुन्हा सुरू होतो. मधे फेरीबोट. मला आज बोलायचं आहे ते या रस्त्याने जावं कसं याबद्दल. माझं म्हणणं थोडक्यात असं, की स्वतःची गाडी घेऊन जाऊ नका. तिथल्याच माणसाची गाडी ठरवा, आणि तिच्याबरोबर तो माणूसही.

आता तुम्ही म्हणाल, घरात गाडी असताना दुसऱ्याला पैसे का द्यायचे? त्याचं पहिलं उत्तर आरे-वारेला मिळतं. गणपतीपुळ्याहून रत्नागिरीकडे येताना डोंगराच्या कडेकडेने रस्ता वर चढतो आणि एका वळणावर दोन पुळणी एकदम पायाखाली येतात. कोकणात मोटारीतून समुद्राचं असं दर्शन फार थोड्या ठिकाणी होतं. आणि नेमकं त्या वळणावर, चाक ज्याच्या हातात आहे त्याला समोरून येणाऱ्या एसटीखेरीज काही बघता येत नाही. कुटुंबातला एक माणूस सगळा प्रवासभर रस्ताच बघत राहतो आणि संध्याकाळी मान धरून बसतो. तो बहुधा कर्ता पुरुष असतो, त्यामुळे त्याची चिडचिड पुढे सगळ्यांच्या वाट्याला येते.

दुसरं कारण पाण्याचं. आम्ही या रस्त्याने गेलो तेव्हा आमच्याबरोबर जे गाडीवाले काका होते ते गुहागरकडचे. सकाळी निघताना ते मोबाइल बघत नसत, भिंतीवरचं कालनिर्णय बघत. "ताई, आज षष्ठी. साडेचारला भरती. गाडी वाळूत घालायची नाही." हा हिशेब किनाऱ्यावरच्या प्रत्येक जुन्या माणसाला येतो. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा. पौर्णिमा किंवा अमावास्या झाली, की पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. मिनिटामिनिटाला जुळत नाही, पण गाडी वाचवण्यापुरतं नक्की जुळतं. लाडघर, मुरूड, गुहागर, कुठेही जा, सुट्टीच्या दिवसांत शहरातली एखादी गाडी वाळूत रुतलेली असते, पाणी वर चढत असतं आणि गावातली पोरं दोर घेऊन धावत असतात. या गाड्यांचे मालक काही वेडे नसतात. ओहोटीला तीच वाळू फरसबंदीसारखी घट्ट असते, म्हणून ते फसतात.

तिसरं कारण जेवणाचं, आणि माझ्या लेखी ते सर्वांत मोठं. गुहागर-दापोलीच्या बाजूला चांगलं जेवण मिळतं ते घरगुती खानावळीत, आणि तिथे आयत्या वेळी गेलात तर चहा मिळेल. सकाळी नऊच्या आत फोन करावा लागतो. काका गाडी चालू करण्याआधी फोन लावायचे, "चार पानं धरा. एक शाकाहारी. तिखट बेताचं." मग दुपारी दीडला गेलं की सोलकढी ओतलेली असायची आणि तव्यावर बांगडा असायचा. आता, अशा गाडीवाल्यांचं काही खानावळींशी साटंलोटं असतं, थोडं कमिशनही असतं. असू द्या. वाईट जेवण घालून कमिशन खाणारा माणूस त्या लहान मुलखात फार दिवस टिकत नाही.

हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी लिलाव असतो. मोठ्या होड्या खोल पाण्यात उभ्या राहतात आणि माल किनाऱ्यावर आणायला बैलगाड्या पाण्यात घातलेल्या मी पाहिल्या आहेत. चाकं अर्धी बुडलेली, बैलांच्या पोटाला लाटा लागताहेत, आणि गाडीवान मात्र शेतातून घरी निघाल्यासारखा निवांत. वाळूवर पापलेट, सुरमई, कोळंबी यांच्या टोपल्या, भोवती माणसांचं कोंडाळं, आणि भाव इतक्या भरभर चढतात की आपल्याला कोण जिंकलं तेही कळत नाही. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग. १७५५ साली पेशव्यांशी संगनमत करून इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने तुळाजी आंग्र्यांकडून तो घेतला. मराठ्यांच्या आरमाराचा कणा मोडण्याची ती सुरुवात, आणि मोडायला आपलाच हात लागलेला. किल्ल्याकडे बघत मी हे बोलत होते आणि काका मासळीकडे बघत होते. "ताई, तुम्ही जरा मागे थांबा. तुमची चप्पल बघूनच भाव चढेल." ते एकटे पुढे गेले. एका कोळिणीच्या टोपलीतलं पापलेट उचललं, कल्ला वर करून आतला लाल रंग बघितला, पोटावर अंगठा दाबला, खळगा भरून आला तसं मान हलवली. मग दोघांची जी बोलाचाली झाली ती भांडण वाटावी अशी होती. शेवटी दोघंही हसत होती. ते मासे रात्री आमच्या पानात आले.

शेजारचं मुरूड हे महर्षी कर्व्यांचं गाव. लहान धोंडो परीक्षेसाठी इथून पायी साताऱ्याला गेला आणि वयाने लहान दिसतो म्हणून त्याला परीक्षेला बसू दिलं नाही, ही गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते. काकांनी ती मला उतारावर सांगितली, मला गाडी लागत होती तेव्हा. "त्या पोरानं पायांनी घाट चढला, ताई." यावर काय बोलणार!

दाभोळला फेरीबोट आहे. दाभोळ ते धोपावे, वाशिष्ठीच्या खाडीवर, २००३ पासून. ती नसेल तर चिपळूणवरून वळसा. बोटीचा पुढचा फळा खाली पडतो, गाड्या एकेक करून आत जातात, पोऱ्या हातवारे करून बंपरला बंपर लावून घेतो. ओहोटी असेल तर उतार चांगलाच तिरपा होतो आणि बसक्या गाडीचं पोट घासतं. नवखा चालक तिथे घामाघूम होतो. आपण मात्र गाडीतून उतरून वरच्या मजल्यावर वारा खात उभं राहायचं. मागे दाभोळ, काठावरची साडेतीनशे वर्षांपूर्वीची मशीद, आत डोंगरात अंधाऱ्या गुहेतली चंडिका. आणि एक गंमत सांगते. एन्रॉनमुळे देशभर गाजलेला दाभोळचा वीजप्रकल्प दाभोळला नाहीच. तो खाडीच्या पलीकडे, गुहागर तालुक्यात, वेलदूर-अंजनवेलला आहे. बदनामी मात्र दाभोळच्या वाट्याला आली. अशीच फेरीबोट पुढे शास्त्रीच्या मुखाशी तवसाळ ते जयगड, आणि उत्तरेला बाणकोटच्या खाडीत वेश्वी ते बागमांडला, त्याच्याही वर आगरदांडा ते दिघी.

या फेऱ्या मला आवडतात, आणि काकांना त्या नको आहेत. बोटीत मी म्हटलं, "पूल झाले की ही मजा जाईल." ते म्हणाले, "ताई, रात्री शेवटची फेरी सुटून गेली आणि बाळंतीण अडली, तर तिला चिपळूणवरून न्यायची का?" आता या खाड्यांवर पूल बांधायचं ठरलं आहे, काहींची कामं सुरूही झाली आहेत. ते लवकर व्हावेत. पाहुण्याच्या हौसेखातर गावाने वळसे घालत राहावं असं म्हणायला तोंड हवं. मात्र फेरीची मजा ज्यांना घ्यायची आहे त्यांनी फार दिवस थांबू नये.

काकांना मी रत्नागिरीत निरोप दिला. यातच माझा दुसरा सल्ला आहे. एकाच माणसाला सगळा किनारा दाखवायला लावू नका. गुहागरच्या माणसाला मालवणात पाहुण्यासारखंच वाटतं. थिबा राजाचा वाडा, भाट्याचा पूल, पावस इथवर एक, आणि पुढे राजापूर ओलांडलं की सिंधुदुर्गातला दुसरा. आमचा दुसरा सारथी तरुण होता, बोलघेवडा होता आणि त्याला विजयदुर्गाचा फार अभिमान होता.

किल्ल्यावर त्याने आम्हाला 'साहेबाचे ओटे' दाखवले आणि कथा सांगितली. १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी लॉकियर नावाच्या साहेबाने इथे दुर्बीण लावली आणि हेलियमचा शोध लावला. ही कथा तिथे सगळे सांगतात, अठरा ऑगस्टला तिथे हेलियम दिवसही साजरा होतो. खरं असं आहे, की त्या दिवशी ग्रहण झालं, पण ते निरखणारा फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन आंध्रात गुंटूरला होता. नॉर्मन लॉकियर त्या वेळी इंग्लंडात होता आणि त्याने ऑक्टोबरमध्ये ग्रहणाशिवायच, दुर्बिणीला वर्णपटदर्शक जोडून सूर्याच्या कडेचा प्रकाश तपासला. त्या प्रकाशात दिसलेली पिवळी रेषा एका नव्या मूलद्रव्याची, म्हणजे हेलियमची, आहे हा विचार पुढे त्यातूनच रुजला. मग विजयदुर्गाचं काय? तर लॉकियर इथे आला होता हे अगदी खरं, पण तीस वर्षांनी. २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी त्याने याच किल्ल्यावर तळ टाकला होता. तोवर रॅमसे या शास्त्रज्ञाने पृथ्वीवरही हेलियम शोधून काढला होता. दोन ग्रहणं लोकांच्या तोंडी एक होऊन गेली. मी हे सगळं त्या पोराला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पण सायब हय इल्लो मां? मग झाला!"

गाइडच्या सांगण्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये, पण ते ऐकावं जरूर. पुस्तकात १८९८ सापडतं. तिथे येऊन गेलेल्या परक्या माणसाला गाव अजून आपला समजतं, हे पुस्तकात सापडत नाही.

मालवणबद्दल मी फार बोलत नाही, सिंधुदुर्ग किल्ला सगळ्यांना ठाऊक आहे. एवढंच सांगते, की पहाटे उठून देवबागच्या बाजूला जा. एका हाताला कर्ली नदी आणि दुसऱ्या हाताला समुद्र, मधे वाळूची चिंचोळी पट्टी आणि तिच्यावर माडांखाली घरं. नशीब असेल तर रापण ओढताना दिसेल, दोन रांगांत उभी माणसं आणि मधे जाळं. तुम्हीही दोराला हात लावलात तर कोणी नको म्हणत नाही. पुढे वेंगुर्ल्याला डच वखारीचे पडके अवशेष आहेत. त्याच्या पुढे शिरोडा, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाचं आणि वि. स. खांडेकरांच्या शाळामास्तरकीचं गाव. तिथून रेडी हाकेवर.

आता पैशांचं. गाडी ठरवताना शहरातले लोक किलोमीटरवर अडून बसतात. टुरिस्ट गाडीला दिवसाला तीनशे किलोमीटरचे पैसे धरायची पद्धत आहे. सागरी रस्त्यावर शंभर-सव्वाशे किलोमीटरला दिवस मावळतो, त्यामुळे तो हिशेब तुम्हाला महागात पडतो. दिवसाची रक्कम ठरवा. फेरीचं तिकीट, चालकाचा भत्ता आणि त्याच्या रात्रीच्या मुक्कामाची सोय कोणाकडे, हे आधीच बोलून घ्या. तो गाडीतच झोपेल असं धरून चालू नका, सकाळी वळणावर तुमचा जीव त्याच्या डोळ्यांवर असतो. गाडीची नंबरप्लेट पिवळी आहे ना, तेही बघा. पांढऱ्या पाटीची गाडी थोडी स्वस्त पडते, पण अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते.

आणि दिवस निवडताना दिवाळीची सुट्टी आणि नाताळचा आठवडा टाळा, तेव्हा फेरीच्या रांगेतच दुपार जाते. जून-जुलैत मासेमारी बंद असते, हर्णैला लिलाव नसतो. वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघायची असतील तर फेब्रुवारी ते एप्रिल. देवगडचा हापूस खायचा असेल तर एप्रिल-मे, पण मग घामाची तक्रार करू नका. दोन्ही साधायचं असेल तर एप्रिलचा पहिला पंधरवडा बरा, आणि त्यासाठी गाडीवाल्याला होळीच्या आधीच सांगून ठेवा, कारण शिमग्याला पालखी घरी येते, आणि त्या दिवसांत कोकणातला गाडीवाला कोणाचाही फोन उचलत नाही.