गोदूताई परुळेकर



आज आम्ही तुम्हांला एका बाईंची गोष्ट सांगणार आहोत. राजाराणीची नव्हे. आपल्या ठाणे जिल्ह्यात घडलेली, खरी गोष्ट.

बाईंचे नाव गोदावरी. जन्म पुण्याचा, साल १९०७. वडील लक्ष्मणराव गोखले नामांकित वकील. घरात कशाची ददात नव्हती. त्या काळी पुष्कळ घरांत मुलीला शाळेतही धाडत नसत. या मात्र कॉलेजात गेल्या, वकिलीची परीक्षा पास झाल्या. महाराष्ट्रात कायद्याची पदवी घेणारी ही पहिली बाई! सुखात राहायला कोणी नको म्हटले नसते. पण त्या भारत सेवक समाजात शिरल्या आणि १९३७ साली प्रौढांना साक्षर करायची मोहीम काढली. म्हणजे आपला हा रात्रीचा वर्ग आहे ना, तसेच काम. १९३९ साली त्यांनी शामराव परुळेकर यांच्याशी लग्न केले. पुढे दोघेही तुरुंगात जाऊन आले.

आता टिटवाळा तुम्हांला माहीत आहे. आसनगावहून गाडीत बसले की वाशिंद, खडवली, मग टिटवाळा. मुरबाडकडची मंडळीही तिथे गणपतीला जातात. तिथे १९४५ च्या जानेवारीत किसान सभेची परिषद भरली. उंबरगाव तालुक्यातले थोडे वारली आले होते. त्यांच्याकडची वेठ भयंकर होती. वेठ म्हणजे फुकट राबणे. सावकाराने बोलावले की आपली शेती टाकून जायचे. आणि लग्नगडी? लग्नापुरते कर्ज घ्यायचे आणि ते फेडण्यासाठी जन्मभर सावकाराच्या घरी खपायचे. नवराही खपायचा, बायकोही खपायची. कर्ज काही फिटत नसे. कसे फिटणार? हिशेब सावकाराच्या वहीत, आणि याला वाचता येत नाही.

बाई त्या भागात गेल्या. त्यातला काही भाग २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. पहिल्यांदा त्यांच्याशी मोकळे कोण बोलणार? पांढरपेशा माणूस म्हणजे सावकार, नाहीतर सरकार. पण बाई रानावनांतून पायी फिरल्या, झोपड्यांत राहिल्या, मिळेल ते खाल्ले. मग लोक त्यांना गोदूताई म्हणू लागले. शिकवायला निघालेली बाई आधी ऐकायला शिकली, असे आम्हांला वाटते.

मे महिन्यात झरी गावी सभा झाली. ठरले की वेठ करायची नाही, आणि दिवसाला १२ आणे मिळाल्याशिवाय काम नाही. बारा आणे म्हणजे पाऊण रुपया, बरं का! लग्नगडी सुटले. पण ऑक्टोबरात तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला. पाच माणसे मेली. त्यांत एक जेठ्या गांगड.

हे सगळे गोदूताईंनी पुस्तकात लिहिले. नाव 'जेव्हा माणूस जागा होतो'. १९७० साली निघाले, १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचे बक्षीस मिळाले. पुस्तकात ज्यांची हकीकत आहे, त्यांतल्या बहुतेकांना ते वाचता येत नव्हते.

एक गोष्ट कबूल करतो. आम्ही शाळेत होतो तेव्हा पालकांचे अंगठे कागदावर घेत असू. वर काय लिहिले आहे, ते वाचून दाखवायचे आमच्या मनातही येत नसे. अहो, वेळ नसतो म्हणायचे!

वेठबिगारीविरुद्ध कायदा १९७६ साली झाला. तरी दिवाळीनंतर आपल्याकडची किती घरे वीटभट्टीवर जातात. जाताना उचल किती घेतली, फेड किती झाली, हे कोणाच्या वहीत असते? तुमच्याही असू द्या.

गोदूताई १९९६ साली वारल्या. त्यांचे पुस्तक जाड आहे, एकट्याला झेपायचे नाही. सोमवारपासून रोज एक पान वाचू. एकाने मोठ्याने वाचायचे, बाकीच्यांनी अक्षरांवर बोट ठेवून ऐकायचे. लग्नगड्यांची हकीकत आहे, तिथून सुरू करू. लाईट जाते, म्हणून येताना बॅटरी आणा.