तान्ह्या बालकांचें अदृश्य कवच



थोरल्या माणसाला चार शिंका आणून निघून जाणारें पडसें तान्ह्या मुलाच्या मात्र जिवावर बेतूं शकतें. अशा पडशाचें एक प्रमुख कारण म्हणजे 'आर. एस. व्ही.' या नांवानें ओळखला जाणारा विषाणु. १९५६ सालीं अमेरिकेंत तो प्रथम आढळला, तो पडसें झालेल्या चिंपांझी वानरांत. पुढच्याच वर्षीं रॉबर्ट चॅनॉक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तो आजारी बालकांतहि शोधून काढला. वयाचीं दोन वर्षें पुरीं होईपर्यंत बहुतेक प्रत्येक मुलाला त्याची एकदां तरी बाधा होते. अर्भकाच्या फुप्फुसांतील सूक्ष्म वायुनलिका मुळांतच अरुंद. त्या सुजून कफानें भरल्या कीं श्वास कोंडतो.

अशा शत्रूला ओळखून त्याला जखडून टाकणारीं प्रतिद्रव्यें शरीर स्वतःच निर्माण करतें. तीं लस टोचून आधींच निर्माण करवावीं, हा विचार सुचणें स्वाभाविक होतें. १९६६ च्या सुमारास फॉर्मॅलिननें निर्जीव केलेल्या विषाणूची लस अमेरिकेंत कांहीं बालकांना देण्यांत आली. रक्तांत प्रतिद्रव्यें दिसूं लागलीं. परंतु साथ येतांच विपरीत घडलें. एका चांचणींत, लस घेऊनहि ज्यांना बाधा झाली त्यांपैकीं शेंकडा ८० बालकांना रुग्णालयांत ठेवावें लागलें. ही लस न मिळालेल्या बाधित बालकांत हें प्रमाण शेंकडा ५ होतें. दोन बालकें दगावलीं. कुंपणानेंच शेत खाल्लें!

असें कां व्हावें? या विषाणूच्या पृष्ठभागावर 'एफ' नांवाचें एक प्रथिन असतें. पेशींत शिरण्यापूर्वीं त्याचा आकार एक असतो. शिरतांना तें उलगडून निराळाच आकार धारण करतें. त्या जुन्या लसींत बहुतांशीं हा दुसराच आकार होता. चोरानें वेष पालटल्यावर त्याचें चित्र काढून पहारेकऱ्याच्या हातीं द्यावें, तसा तो प्रकार झाला. तयार झालेलीं प्रतिद्रव्यें विषाणूला चिकटत, पण त्याला दाराशीं अडवूं शकत नसत. उलट त्यांच्या योगानें फुप्फुसांतील दाह वाढला.

पुढें २०१३ सालीं जेसन मॅक्लेलन, पीटर क्वाँग, बार्नी ग्रॅहम प्रभृति संशोधकांनीं त्या पहिल्या आकाराची घडण उकलली आणि तो स्थिर ठेवण्याची युक्तिहि काढली. त्याच आधारावर सिद्ध झालेल्या लसींना २०२३ सालीं अमेरिकेंत मान्यता मिळाली. प्रथम साठी गांठलेल्या वृद्धांसाठीं, नंतर गर्भवती स्त्रियांसाठीं. गर्भारपणाच्या अखेरच्या महिन्यांत मातेला लस दिली असतां तिचीं प्रतिद्रव्यें वारेंतून गर्भाला पोंचतात, आणि बालक कवच घेऊनच जन्माला येतें. बालकाला थेट टोंचतां येईल असें 'निरसेव्हिमॅब' नांवाचें तयार प्रतिद्रव्यहि आतां उपलब्ध आहे. त्याच्या एका मात्रेचा प्रभाव सुमारें पांच महिने टिकतो.

रक्तांत प्रतिद्रव्यें किती आहेत, एवढेंच पाहून भागत नाहीं. तीं कोणत्या जातीचीं आहेत, हेंहि पाहावें लागतें. त्या दोन बालकांच्या मृत्यूनें शास्त्राला शिकविलेला हा धडा समजण्यास जवळजवळ अर्धें शतक लागलें. आणि कवच कितीहि उत्तम असलें, तरी पडसें झालेल्या माणसानें तान्ह्या मुलाचा मुका घेऊं नये, व हात न धुतां त्याला उचलूं नये, हें पथ्य घरोघरीं पाळलेंच पाहिजे.