मुलांच्या मनावरील आघात आणि नेत्रचलन उपचार



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांची विद्यार्थिनी होण्याचे भाग्य मला लाभले नाही. मात्र याच जोयडा तालुक्यातील एका मराठी शाळेत मी काही वर्षे शिक्षिका होते. मानसशास्त्राकडे वळले ती नंतर. आणि वळले ती त्या वर्गात माझ्या हातून घडलेल्या एका चुकीमुळे. आजच्या विषयाचा आरंभ तिच्यापासूनच करते.

चौथीच्या वर्गात एक मुलगी होती. मृगाचा पाऊस कौलांवर कोसळू लागला की ती दप्तर छातीशी धरून बाकाखाली शिरे. मला तो हट्ट वाटला. एके दिवशी मी तिला शिक्षा म्हणून बाहेर पडवीत उभे केले. ती रडली नाही, बोलली नाही. नुसती थरथरत राहिली. पुढे तिच्या आजीकडून कळले, की आदल्या पावसाळ्यात रात्री घराची मातीची भिंत खचली आणि शेजारी निजलेला तिचा धाकटा भाऊ तीत गेला. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती शाळेत आली नाही. तिला परत आणणे मला जमले नाही.

त्या मुलीच्या मनात काय चालले होते? सामान्य आठवण काळाबरोबर जुनी होते. गतवर्षीची जत्रा आठवते, परंतु आपण आज जत्रेत नाही हे मनाला ठाऊक असते. आघाताची आठवण मात्र पुष्कळदा जुनी होत नाही. पावसाचा आवाज, ओल्या मातीचा वास, एवढ्यानेही ती रात्र पुन्हा घडू लागते. मुलाला ती ‘आठवत’ नाही. ते मूल तिच्यात असते. अशा मुलाला दटावणे म्हणजे बुडणाऱ्याला ओरडून पोहायला सांगणे होय.

या अवस्थेवरील एक उपचार म्हणजे नेत्रचलन उपचार. ‘ईएमडीआर’ या नावाने तो ओळखला जातो. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ फ्रान्सीन शपिरो यांना १९८७ साली फिरायला गेल्या असताना जाणवले, की डोळे भराभर इकडून तिकडे फिरत असता त्रासदायक विचारांची धार कमी होते. १९८९ साली त्यांनी आपला पहिला अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे त्याची आठ टप्प्यांची शिस्तबद्ध पद्धती झाली.

ही जादू नव्हे, संमोहनही नव्हे. प्रथम उपचारक मुलाची पूर्वकथा समजून घेतो आणि मन स्थिर करण्याचे उपाय शिकवतो. ते साधल्यावरच आठवणीला हात घातला जातो. त्या प्रसंगातील सर्वांत वाईट चित्र कोणते, त्याने स्वतःविषयी कोणता समज बसला, शरीरात कोठे काय जाणवते, हे विचारले जाते. त्रास शून्य ते दहा या मापात सांगायचा असतो. मग ते चित्र मनात ठेवून मुलाने उपचारकाच्या डावी-उजवीकडे हलणाऱ्या बोटांमागे नजर फिरवायची. थोड्या वेळाने थांबून ‘आता काय जाणवते?’ एवढेच विचारायचे. लहान मुलांबाबत चित्रे, खेळणी किंवा दोन्ही तळहातांवर आळीपाळीने टिचक्या यांचा उपयोग करतात. ‘मी त्याला वाचवले नाही’ या समजाच्या जागी ‘मी लहान होते, माझा दोष नव्हता’ हे मनाला पटू लागले, की आठवण राहते, पण तिचा डंख ओसरतो.

हे कसे घडते याविषयी तज्ज्ञांत एकमत नाही. एक मत असे, की चित्र धरून ठेवणे आणि नजर फिरवणे ही दोन कामे एकदम करताना चित्र फिकट होते. दुसरे मत असे, की गुण मुख्यतः आठवणीला सुरक्षितपणे सामोरे जाण्यात आहे. डोळ्यांची हालचाल गौण आहे. परिणामाचा पुरावा मात्र आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली आघातोत्तर विकारासाठी मुलांनाही हा उपचार सुचवला, तसेच आघातकेंद्री विचार-वर्तन उपचारही सुचवला. ब्रिटनच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेने मुलांबाबत त्या दुसऱ्या उपचाराला अग्रक्रम दिला. तेव्हा हाच एक मार्ग, असा आग्रह मी धरणार नाही.

आपल्या मराठी मुलखाने ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट पाहिली आहे. किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे झोपेतच गेली. भारतीय जैन संघटनेने तेथील सुमारे १२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याला आणले. अन्न, निवारा, शाळा यांची सोय झाली. परंतु मुलांच्या मनातील भूकंपासाठी प्रशिक्षित माणसे तेव्हा फार थोडी होती. २००१ च्या गुजरातेतील भूकंपानंतर मात्र नेत्रचलन उपचाराचे प्रशिक्षण भारतीय मानसशास्त्रज्ञांना मिळू लागले. मेक्सिकोत १९९७ च्या चक्रीवादळानंतर मुलांच्या गटांसाठी ‘फुलपाखराची मिठी’ योजली गेली: हात छातीवर दुमडून दोन्ही खांद्यांजवळ आळीपाळीने हलके थोपटायचे.

आपल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातही १६ जुलै २०२४ रोजी अंकोल्याजवळ शिरूर येथे दरड कोसळली. डोंगर, नदी आणि पाऊस यांच्या सोबतीने राहणाऱ्या आपल्या मुलांसाठी हा विषय दूरचा नाही.

मग शिक्षकांनी काय करावे? नेत्रचलन उपचार आपण करू नये. ते प्रशिक्षिताचेच काम आहे. घडलेले सांगण्याची सक्तीही करू नये. पण ओळखता येते. एकाएकी मुके झालेले, दचकणारे, झोप न येणारे, पुन्हा पुन्हा तोच भयाचा खेळ खेळणारे मूल दिसले, तर त्याला जवळ बसवावे, वर्गाचा नित्यक्रम मोडू देऊ नये, घरच्यांशी बोलावे. महिना उलटूनही त्रास टिकला, तर धारवाडच्या मानसिक आरोग्य संस्थेत न्यावे. ‘टेली-मानस’ ही सरकारी दूरध्वनी सेवाही २०२२ पासून आहे. तिचा क्रमांक १४४१६.

त्या मुलीसाठी मला उपचार ठाऊक असण्याची गरज नव्हती. शिक्षा करण्यापूर्वी ‘बाळ, तुला कसली भीती वाटते?’ एवढे विचारले असते, तरी पुढची वाट सापडली असती. ज्या गुरुजींचे आज आपण स्मरण करतो, त्यांच्या शाळेत पावसाला भिणाऱ्या मुलाला बाकाखालून हाताला धरून वर घेणारे कोणीतरी सदैव असावे, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेते.